प्रेससमोर उभं राहण्याआधीचा अर्धा तास

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या, पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काही वर्षं काढलेल्या माणसाची नजर, नवीन कुणी भेटलं की आधी त्याच्या हातांवर जाते. चेहरा नंतर. लग्नात, बसस्टॉपवर, भाजीबाजारात, कुठेही. तर्जनी आखूड दिसली की तो माणूस कुठल्या खात्यात होता ते विचारावं लागत नाही. आणि निवृत्तीला आलेला एखादा ऑपरेटर दोन्ही पंजे पुढे करून "दहाच्या दहा आहेत, मोजून घ्या" म्हणतो, तेव्हा त्याच्या आवाजातला अभिमान मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठा वाटतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट आमच्याकडे बनतात. ब्रॅकेट, क्लॅम्प, सीटखालच्या पट्ट्या. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर काही वर्षं मशीनवरच होते, मग नवीन पोरांना शिकवायला लागले आणि तिथेच रमले. गेली काही वर्षं या कामात व्हीआर हेडसेट आलाय. डोळ्यांवर चढवायचा, आणि समोर अख्खा प्रेस शॉप उभा. त्याबद्दल खूप बोललं जातं, बहुतेक वेळा विकणाऱ्यांकडून. मला शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहायचंय.

आधी पॉवर प्रेसचं काम काय असतं ते सांगते. पत्र्याचा ब्लँक, म्हणजे कापलेला तुकडा, डायमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेसचा वरचा जड भाग, म्हणजे रॅम, खाली येतो, स्ट्रोक पडतो, तयार पार्ट काढून बिनमध्ये टाकायचा. पुन्हा ब्लँक. पाव तासात कुणालाही जमेल इतकं सोपं आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. शंभर वेळा, हजार वेळा काही होत नाही. हात आपोआप चालायला लागतात, डोकं घरी पोचलेलं असतं. मग कधीतरी पार्ट डायमध्ये चिकटतो, आणि तो काढायला हात आत जातो. विचार करून जात नाही. भाकरी करपायला लागली की हात तव्याकडे जातो, तसा जातो.

ही हाताची ओढ भाषणाने मोडत नाही. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली त्या तारखेला झाली. आम्ही शपथ घेतो, छातीला बिल्ला लावतो, पोस्टर स्पर्धा घेतो. मला त्याबद्दल आदरच आहे, त्या आठवड्यात निदान विषय तरी निघतो. पण शपथ घेतो ती तोंडाने, आणि डायमध्ये जातो तो हात. हाताला शिकवायचं तर हातानेच चूक करायला हवी. आणि प्रेसवर चूक करून शिकायची सोय नाही.

म्हणून हेडसेट आला तेव्हा मी मनापासून त्याच्या बाजूने उभी राहिले. आजही आहे.

पेठ तालुक्यातला एक मुलगा, विशीच्या आतबाहेरचा, पहिल्यांदाच कारखान्यात आलेला. हेडसेट लावला, समोर प्रेस दिसला, सांगितल्याप्रमाणे काम सुरू केलं. दहा-बारा स्ट्रोक सुरळीत गेले. मग ठरल्याप्रमाणे एक पार्ट अडकला. बाजूला चिमटा ठेवलेला होता, मॅग्नेटची काठी होती, मशीन थांबवायचं लाल बटण होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही, सरळ हात घातला. रॅम आला. त्याने हात इतक्या जोरात मागे ओढला की कोपर पाठीमागच्या कपाटावर आपटलं. हेडसेट काढला आणि तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मला म्हणाला, "ताई, मी हात का घातला?"

वर्गात पाटी-खडू घेऊन मी कितीही बोलले असते तरी हा प्रश्न त्याच्या तोंडून आला नसता. दुसऱ्यांदा तीच वेळ आली तेव्हा त्याचा हात निम्म्यात थांबला. तिसऱ्यांदा तो आधी लाल बटणाकडे गेला.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. विमान उडवायला शिकणं त्याला परवडत नव्हतं. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याला चांगले माहीत होते, त्यांच्या जोरावर त्याने १९२९ साली एक पेटी बनवली. आत बसलं की ती विमानासारखी डुलायची, वळायची. सुरुवातीला ती जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणुकीच्या बागांमध्ये विकली गेली, लष्कराला तिच्यात रस नव्हता. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम पडलं, आणि खराब हवेत, रात्रीच्या अंधारात, काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. मग लष्कराने लिंकच्या सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या पेटीत बसून शिकले.

डोक्यावर चढवायचा पडदाही जुनाच. आयव्हन सदरलंडने १९६८ साली तो केला तेव्हा त्याची यंत्रणा छताला टांगावी लागत होती. कॉम्प्युटरची वायर न जोडता चालणारा ऑक्युलस क्वेस्ट २०१९ साली ३९९ डॉलरला आला, तेव्हा ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या टप्प्यात आली. वायर नाही, खास खोली नाही, पिशवीत घालून एका प्लांटमधून दुसऱ्यात नेता येतो.

आता माझ्या मनात कधीपासून घोळणारी गोष्ट. आमच्या नाशिकलाच ओझरला १९६४ पासून एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, विमानांचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई तिथे तयार झाले. ते विमान उडवणारा माणूस सिम्युलेटरवर घाम गाळल्याशिवाय कॉकपिटमध्ये बसत नाही, आणि हे योग्यच आहे. विमान शेकडो कोटींचं, वैमानिकाच्या शिक्षणावर अमाप खर्च झालेला. तिथून तासाभराच्या अंतरावर अंबडमध्ये एक मुलगा सकाळी सातला साठ टनी प्रेससमोर उभा राहतो. आदल्या दिवशी कँटीनमध्ये त्याला अर्धा तास काहीतरी सांगितलेलं असतं, खाली सही घेतलेली असते. वैमानिकाला सिम्युलेटर मिळाला आणि या मुलाला मिळायला त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं लागली. तंत्र नव्हतं हे कारण अर्धंच खरं आहे. त्याच्या बोटाची किंमत कुणाच्या हिशेबात फार मोठी नव्हती, हे उरलेलं अर्धं.

शिकण्याचा फायदा होतो का, याबद्दल मला आता शंका नाही. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातलं येल विद्यापीठाचं २००२ सालचं संशोधन मी आमच्या मॅनेजमेंटला दाखवलं होतं. सोळा शिकाऊ सर्जन, काम दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं. निम्म्यांना आधी व्हीआरवर सराव दिला, निम्म्यांना नेहमीचं शिक्षण. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडचा भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती. सर्जन काय आणि प्रेस ऑपरेटर काय, हाताला क्रम शिकवणं दोघांनाही लागतं. वॉलमार्टने २०१८ साली अमेरिकेतल्या आपल्या दुकानांमध्ये १७,००० हेडसेट वाटले. ते काउंटरवरच्या, गोडाऊनमधल्या माणसांसाठी होते. मला ती बातमी फार आवडली होती, कारण यंत्र शेवटच्या माणसापर्यंत पोचलं होतं.

पण यंत्रात काय भरलंय हेही बघावं लागतं. हेडसेटमध्ये दिसणारा आमचा सीन बनवायला पुण्याहून हुशार मुलं आली होती. त्यांनी प्रेसचे फोटो काढले, मापं घेतली, आणि काही आठवड्यांनी जे आणलं ते बघून सगळे खूश. डायवरचं तेल चमकत होतं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा आमचंच. मी म्हटलं, तात्यांना दाखवू.

तात्या म्हणजे आमचे सर्वांत जुने सेटर. डाय बांधणं, शट हाइट (रॅम खाली आल्यावर उरणारं अंतर) लावणं, पहिला पार्ट पास करून घेणं हे त्यांचं काम. दहाही बोटं शाबूत. त्यांनी हेडसेट लावला, उभे राहिले, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मग म्हणाले, "ताई, याचा आवाज खोटा आहे."

आवाज स्पीकरवर चांगला मोठा येत होता. तात्यांचं म्हणणं वेगळं होतं. आमच्याकडे काही प्रेस जुन्या की-क्लचच्या आहेत. त्यात फ्लायव्हील, म्हणजे मोठं जड चाक, सतत फिरत असतं. ते चाक रॅमला जोडणाऱ्या क्लचमधली 'की', म्हणजे लोखंडी खुंटी, गुंतली की रॅम खाली येतो, एक फेरी पुरी झाली की खुंटी सुटते आणि ब्रेक रॅमला वर धरून ठेवतो. खुंटी झिजली किंवा ब्रेक ढिला पडला की बटण न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. प्रेस डबल मारते, असं आमच्याकडे म्हणतात. किती बोटं या डबलने नेली असतील! पण तात्या सांगतात, प्रेस त्याआधी इशारा देते. स्ट्रोक संपताना एरवी 'टक्' असा कोरडा आवाज येतो. ब्रेक सुटायला लागला की तो आवाज लांबतो, मागे एक घसट ऐकू येते. "ती घसट ऐकली की मी मशीन बंद करतो आणि मेंटेनन्सला बोलावतो. प्रॉडक्शनवाले ओरडू देत. पोरांना तुम्ही सगळं दाखवता, ती घसट नाही दाखवत."

मग त्यांनी दुसरी चूक दाखवली, ती जास्त गंभीर. सीनमध्ये हात आत गेला की लाइट कर्टन, म्हणजे प्रेससमोरचा किरणांचा पडदा, तुटायचा आणि रॅम मध्येच थांबायचा. आमच्या नव्या, न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या प्रेसवर हे बरोबर आहे. की-क्लचच्या प्रेसवर साफ चूक. तिथे एकदा सुटलेला स्ट्रोक मध्ये थांबतच नाही, तो पूर्णच होतो. म्हणून अशा प्रेसवर लाइट कर्टनचा भरवसा धरायचा नसतो, तिथे हात आतच जाणार नाही असा फिक्स गार्ड लागतो. त्या सीनमध्ये तयार झालेला मुलगा जुन्या प्रेसवर उभा राहिला असता, तर आपला हात अडवला जाईल या विश्वासाने तो राहिला असता. इतकं सुंदर दिसणारं चित्र बोट घेऊन गेलं असतं.

पुण्याच्या मुलांचं मला कौतुक वाटलं ते इथे. त्यांनी वाद घातला नाही. तात्यांबरोबर शॉपमध्ये दिवस काढला, मेंटेनन्सवाल्यांनी ब्रेक जरा ढिला करून दाखवला, डायमध्ये काही न ठेवता, सगळ्यांना लांब उभं करून. तो आवाज रेकॉर्ड झाला. आता आमच्या सीनमध्ये दोन वेगळ्या प्रेस आहेत, आणि एकीचा आवाज मधूनच लांबतो. ज्याला तो ओळखू येतो तो पुढच्या पायरीवर जातो. कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसलेलं, तात्यांच्या कानात असलेलं ज्ञान असं उतरलं. ते निवृत्त झाले असते तर घरी गेलं असतं.

हेडसेटला काय जमत नाही तेही सांगायला हवं. पत्र्याची धार हातमोज्यातून कशी लागते ते त्यात नाही. वजन नाही. जूनपूर्वीच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारच्या शिफ्टला डोकं कसं जड होतं, ते नाही. हातात कंट्रोलर धरून बटण दाबणं आणि तळव्याने प्रेसचं मोठं, फुगीर मशरूम बटण दाबणं यातही फरक आहे. म्हणून आम्ही स्क्रॅपमधल्या अँगलचं एक टेबल वेल्ड करून घेतलं आणि त्यावर प्रेसची खरी दोन बटणं बसवली. चित्र खोटं, बटणं खरी. एक बटण आधी आणि दुसरं अर्ध्या सेकंदापेक्षा उशिरा दाबलं तर स्ट्रोक पडत नाही, हे तळव्याला कळतं.

काहींना मळमळतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण उभे आहोत, आणि पोट ढवळून निघतं. प्रेसचं काम एका जागी उभं राहून करायचं असल्यामुळे हा त्रास आमच्याकडे कमी होतो. फोर्कलिफ्टच्या सीनला मात्र दोघं-तिघं बसतातच खाली डोकं धरून. अशांना ओढून-ताणून पुढे नेऊ नये. दहा-पंधरा मिनिटं पुरे असतात, मग पाणी, मग गप्पा. त्या गप्पांमध्ये निम्मं शिक्षण होतं. आणि प्रत्येकानंतर हेडसेटची गादी पुसायची. डोक्याचं तेल, घाम, आणि शिफ्ट सुटल्यावरचा ऑइल मिस्ट (हवेत उडालेलं तेल), सगळं तिला लागलेलं असतं.

यापेक्षा मोठी काळजी मला दुसरीच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१व्या कलमाने यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची जबाबदारी टाकली ती कारखान्यावर, कामगारावर नाही. सुरक्षेच्या शास्त्रातही क्रम तोच आहे. आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर गार्ड लावा, आणि प्रशिक्षण त्यानंतर. हेडसेट आल्यावर हा क्रम उलटा करायचा मोह होतो. पार्ट डायमध्ये का चिकटतो? कारण डायची धार गेलीय, स्प्रिंग बसलीय, पार्ट बाहेर ढकलणारा इजेक्टर नीट काम करत नाही. डाय वेळेवर टूल रूमला गेली तर हात घालायची वेळच येणार नाही. आणि जुन्या प्रेसवर, दोन हातांच्या दोन बटणांपैकी एकात लाकडी पाचर ठोकून पोरं एका हाताने का चालवतात? कारण तासाचा आकडा दोन हातांनी पुरा होत नाही. आकडा ज्याने ठरवला त्याला कुणी हेडसेट लावत नाही.

शिवाय हे यंत्र सगळी नोंद ठेवतं. मुलगा कुठे बघत होता, किती सेकंदांनी लाल बटणाकडे गेला, किती वेळा चुकला. शिकवताना ही नोंद फार उपयोगी पडते, कुणाला अजून सराव हवा ते समजतं. पण उद्या अपघात झाला आणि कुणी तोच कागद काढून म्हणालं, "याला शिकवलं होतं, याचीच चूक", तर? मी आमच्याकडे लेखी मागितलंय की ट्रेनिंगची नोंद ट्रेनिंगपुरतीच राहील. चूक करायची मुभा म्हणून ज्या खोलीत बोलावलं, तिथली चूक नंतर त्याच्याविरुद्ध वापरणं हा विश्वासघात आहे.

आणि हेडसेट लागतो कुणाला? सुरुवातीचे कित्येक महिने तो आमच्या ट्रेनिंग हॉलच्या काचेच्या कपाटात होता. ग्राहक कंपनीचे पाहुणे आले की बाहेर निघायचा. परमनंट कामगारांची बॅच व्हायची, ग्रॅज्युएट ट्रेनींची व्हायची. ठेकेदारामार्फत येणाऱ्यांची नाही. प्रेसवर तर आज बहुतेक तेच उभे असतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरीचे, बिहार-उत्तर प्रदेशचेही. सुपरवायझरचं म्हणणं मला कळत होतं. पोरगा आठ दिवसांत दुसऱ्या कंपनीत जाणार, त्याच्यावर वेळ कशाला घालायचा? पण टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थच्या संशोधनात दिसलंय की नोकरीच्या पहिल्या महिन्यात इजा होण्याचा धोका वर्षभराहून जुन्या माणसाच्या तिपटीहून जास्त असतो. म्हणजे जो आठ दिवसांत जाणार, तो सगळे आठही दिवस सर्वांत धोक्याच्या काळात काढतो. मग दुसऱ्या कंपनीत जाऊन पुन्हा पहिला दिवस. असा माणूस कायम पहिल्याच महिन्यात जगतो.

त्याला शिकवून तो दुसरीकडे गेला तर काय बिघडलं? बोटं घेऊन गेला ना. अंबडमधून सातपूरला गेला, सिन्नरला गेला, तरी ती बोटं नाशिकमध्येच आहेत.

हे वारंवार बोलल्यावर एक गोष्ट झाली. हेडसेट कपाटातून निघून टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत आला, ते बटणांचं टेबलही. गेटपास बनायच्या आधी नवा माणूस तिथे येतो, मराठी किंवा हिंदी ज्यात समजेल त्यात ऐकतो, हात घालतो, दचकतो, पुन्हा करतो. लाल बटणाकडे हात आधी गेला की मगच पासवर सही. मग एक जुना ऑपरेटर त्याला खऱ्या प्रेसवर नेतो आणि पहिली शिफ्ट त्याच्या बाजूला उभा राहतो. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि घाईच्या दिवसांत आधी तोच गळतो.

त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी द्यायचे हे अजून अडलंय. ठेकेदार म्हणतो माणूस कामावर लागल्यापासून माझं बिल सुरू, कंपनी म्हणते पास बनल्यापासून. मधला अर्धा तास मुलाच्या अंगावर. मी लिहून दिलंय की तो कामाचाच वेळ आहे आणि कंपनीने भरावा. उत्तर यायचंय, मी रोज विचारते.

तात्या दिवाळीनंतर निवृत्त होतील. त्याआधी डाय बदलण्याचा सीन पुरा करायचाय. रॅमखाली टेकूचा सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय आत हात नाही, मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट. पुण्याची मुलं पुढच्या आठवड्यात येतायत. तात्यांनी त्यांना फोनवरच सांगितलंय, लॅपटॉप नंतर उघडा, आधी एक अख्खी शिफ्ट माझ्याबरोबर उभे राहा.